विमा कंपनीची किडनी-सेवा: आठ महिन्यांनंतर

कंपनीने स्वतःहून फोन केला तेव्हा वाटलं, काहीतरी गळ्यात मारतायत. माझा ईजीएफआर (किडनी किती गाळतेय याचा आकडा, कमी म्हणजे वाईट) ३८, पण त्रास काहीच नाही, म्हणून मीही निवांत होतो. या सेवेत डॉक्टरांच्या गटाला पैसे तपासण्यांच्या संख्येवर नाही, तर किडनी किती टिकली, डायलिसिसची वेळ किती पुढे ढकलली गेली यावर मिळतात. फरक जाणवतो. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर नर्सताईंनी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावली आणि गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेली आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी किडनीला घातक म्हणून बाजूला काढली. आजवर कुणी विचारलंच नव्हतं! लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणीही पहिल्यांदाच. नुसत्या रक्तातल्या क्रिएटिनिनच्या तपासणीवर इतकी वर्षं काढली होती. रक्तदाबाची गोळी बदलल्यावर दोन आठवड्यांत पोटॅशियम तपासलं, तेही त्यांनीच आठवण करून.

आहारतज्ज्ञ मात्र दर वेळी नव्या, आणि दर वेळी माझी कहाणी पहिल्यापासून. ॲपबद्दल न बोललेलं बरं.

फिस्टुला (डायलिसिससाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून केलेला मार्ग) लागलाच तर तो तयार व्हायला आठवडे-महिने जातात, हेही आत्ताच सांगितलं. त्या रात्री झोप लागली नाही. एक शंका उरते: आकडे सुधारणारा पेशंट त्यांना फायद्याचा, पण ज्याची किडनी वेगाने ढासळतेय, त्याचेही फोन ते इतक्याच तत्परतेने उचलतात का?