इंजिनचं नॉकिंग पकडायला माइक घ्यावा की व्हायब्रेशन सेन्सर?

इंदूरला छोटं गॅरेज आहे, ट्यूनिंग नुकतंच सुरू केलंय आणि एकच वस्तू घ्यायचीय, तर इंजिन ब्लॉकला बोल्टने बसणारा पिएझो (कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा) नॉक सेन्सर घ्या. पेनासारखा व्हायब्रेशन मीटर मात्र या कामाला मुळीच घेऊ नका.

नॉक झाला, म्हणजे उरलेलं मिश्रण आपोआप एकदम पेटलं, की सिलिंडरमधला गॅस एका ठराविक सुरात वाजतो आणि तो सूर बोरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासावर ठरतो. १८०० ला पाय गुणिले बोर (मिमी) ने भागा, अंदाजे किलोहर्ट्‌झ मिळतात, ७४ मिमीला ७.७ च्या आसपास. पेन मीटर बहुतेक १० ते १००० हर्ट्‌झच बघतो, तो पंप-मोटरसाठी ठीक. काही जण एडीएक्सएल ३४५ ही कंपन मोजणारी चिप लावतात, पण तो सेकंदाला जास्तीत जास्त ३२०० रीडिंग देतो, म्हणजे १६०० हर्ट्‌झच्या वर आंधळाच.

माइकला एवढ्या वरचं ऐकू येतं, तो स्वस्तही आहे आणि काही खोलावं लागत नाही, पण बॉनेटखाली फॅन, इंजेक्टरची टिकटिक, टॅपेट, एक्झॉस्टचा लीक सगळं एकत्र येतं, त्यात फोन स्वतःच आवाज कमीजास्त करतो, मग दोन रेकॉर्डिंगची तुलना कशी करणार? पहिल्या तपासणीपुरता ठीक आहे.

पिएझोत रेझोनंट प्रकार एकाच सुराला बांधलेला असतो, म्हणून वाइडबँड (बरेच सूर पकडणारा) घ्या, वेगवेगळ्या इंजिनांना चालतो. बसवतानाच खरी काळजी घ्यायची: खालचा पेंट आणि गंज खरवडून धातू उघडा करायचा, वॉशर घालायचा नाही, टॉर्क साधारण २० न्यूटन-मीटर. शील्डेड वायरने प्रीअँपमध्ये (सिग्नल वाढवणारा डबा), तिथून लॅपटॉपला, ४८ किलोहर्ट्‌झवर रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (कोणता सूर कधी वाजला याचं चित्र) बघा. पिस्टनची आणि व्हॉल्व्हची खटखट यालाही ऐकू येतेच. म्हणून सिमरोलच्या घाटात तोच चढ, तोच गिअर, तेवढंच अॅक्सिलरेटर ठेवून एकदा आहे त्या टायमिंगवर (ठिणगी पडायची वेळ) आणि एकदा दोन-तीन डिग्री मागे घेऊन चालवा. ७.७ जवळची रेघ गेली तर तो नॉकच होता. गाडी एकाने चालवायची, लॅपटॉप दुसऱ्याने बघायचा, हे कृपा करून पाळा.

सिलिंडरच्या आतला प्रेशर सेन्सर सगळ्यात खरं सांगतो, पण अख्खा सेटअप लाखांत जातो, ते लॅबचं काम.

आणि इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, हवा जरा विरळ, त्यामुळे बिनटर्बोचं इंजिन इथे कमी नॉक करतं. गिऱ्हाइकाची गाडी मुंबई-सुरतला जात असेल तर टायमिंग अगदी काठावर सोडू नका.