"गिअरबॉक्स लीक आहे, उतरवावाच लागेल"

गाडी लिफ्टवर, खालचा भाग तेलानं माखलेला, मिस्त्री बॅटरी मारून दाखवतोय आणि मालक मान डोलावतोय. ऑटोमॅटिक गाड्यांच्या मालकांना गंडवायची ही ठरलेली पद्धत. यात तेल खरं असतं, मिस्त्रीनं केलेलं निदान खोटं.

तेल जिथून टपकतं तिथूनच गळतं असं नाही. चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो, मग ते सर्वांत खालच्या बोल्टवर जमतं. शोधायची ती सर्वांत वरची ओली जागा. बरेचदा ती साधीच निघते: तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपची ओ-रिंग (रबरी कडी), होजचा ढिला क्लॅम्प, जुनाच पुन्हा लावलेला ड्रेन प्लगचा वॉशर, पॅनचं (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या तबकाचं) गॅस्केट, चाकाकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचं सील. यांपैकी कशासाठीही सहसा गिअरबॉक्स उतरवत नाहीत. टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाचं) सील गेलं तर मात्र उतरवण्यावाचून इलाज नाही. तेव्हा तेल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून, बेल हाउसिंगच्या (त्या जोडावरच्या घंटेसारख्या कवचाच्या) तळाशी येतं. पण इंजिनच्या क्रँकशाफ्टचं मागचं सील गेलं की इंजिन ऑइलही तिथूनच येतं. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या. गिअरबॉक्सचं तेल बहुधा लालसर, जुनं झालं की तपकिरी, इंजिनचं काळपट. ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यावरच्या फाटलेल्या रबरी बूटमधून उडालेलं ग्रीसही गिअरबॉक्सच्या नावावर खपवतात. ते बोटाला घट्ट लागतं.

काहीही खोलण्याआधी तळ डीग्रीझरनं धुवून, सुकवून घ्या, १५-२० किलोमीटर फिरवा आणि गाडी पुन्हा लिफ्टवर घ्यायला लावा. याला टाळाटाळ झाली तर चावी परत घ्या.

पॅनमधल्या चुंबकावरचा राखाडी चिखल दाखवून "आतून संपलाय" असं घाबरवतात. तो लेप आतल्या भागांच्या नेहमीच्या झिजेचा असतो. नखात टोचतील असे धातूचे तुकडे दिसले तरच काळजी.

बिलातले लिटरही तपासा. नुसता पॅन काढला तर बऱ्याच गाड्यांत ३ ते ५ लिटर तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्येच राहतं. पॅन काढून ९ लिटर भरल्याचं बिल आलं, तर रिकामे डबे मागा. डब्यावरचा ग्रेड मॅन्युअलशी जुळवा. सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) तेल वेगळं असतं, "सगळ्याला चालतं" हे ऐकू नका.

गळती थांबवायला तेलात ओततात ते बाटलीतलं औषध रबर फुगवतं. कडक झालेलं सील त्यानं काही दिवस तग धरेल, पण फाटलेलं सील किंवा शाफ्टवर पडलेली खाच तशीच राहते.

नवं सील लगेच पुन्हा गळलं तर आधी ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारं छिद्र) बघा. तो मातीनं बुजला की आतला दाब सीलमधून वाट काढतो. तेल जास्त भरलं तरी फेस होऊन बाहेर येतं. आणि पॅनचे बोल्ट इम्पॅक्ट गनने (बोल्ट आवळायच्या यंत्रानं) आवळू देऊ नका: बऱ्याच गाड्यांत त्यांना जेमतेम १० न्यूटन-मीटर लागतात, जास्त आवळले की पॅनची कड वाकते आणि नवं गॅस्केटही पाझरतं.