“दाढ दुर्मीळ आहे” म्हणत जादा पैसे उकळले आणि चौथा कॅनॉल तसाच सोडला

आईच्या वरच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनॉल अर्ध्यावर असताना डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “मुळांची रचना फार दुर्मीळ आहे, चौथा कॅनॉल निघालाय. सीबीसीटी स्कॅन आणि मायक्रोस्कोप लागेल.” कॅनॉल म्हणजे दाताच्या मुळातली बारीक नळी, आणि सीबीसीटी म्हणजे दातांचा त्रिमितीय (थ्रीडी) एक्स-रे स्कॅन. स्कॅन आणि मायक्रोस्कोपचे 9,000 रुपये वेगळे. आत आई दाढ उघडी ठेवून बसलेली. अशा वेळी कोण घासाघीस करतं? पैसे भरले, कॅपही बसली.

काही महिन्यांत त्याच दाढेनं चावलं की कळ येऊ लागली. “सवय होईल,” एवढंच उत्तर मिळालं. हिरडीवर पुळी आली तेव्हा आम्ही एका एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनॉलच्या तज्ज्ञाकडे गेलो. त्यांच्या स्कॅनमध्ये तीनच कॅनॉल भरलेले दिसले. गालाकडच्या पुढच्या मुळातला दुसरा कॅनॉल कोरा होता आणि त्या मुळाच्या टोकाशी हाड झिजल्याचा काळा डाग.

वरच्या पहिल्या दाढेत हा चौथा कॅनॉल निम्म्याहून अधिक लोकांना असतो, हे तिथेच कळलं. दुर्मीळ कसला! खालच्या दुसऱ्या दाढेतला इंग्रजी ‘सी’च्या आकाराचा कॅनॉल किंवा खालच्या पहिल्या दाढेला जिभेच्या बाजूनं फुटलेलं जादा मूळ, ही खरी वेगळी प्रकरणं. चौथा कॅनॉल अतिशय बारीक असतो, सरळ घेतलेल्या एक्स-रेत शेजारच्या कॅनॉलमागे लपतो, त्यामुळे प्रामाणिक डॉक्टरच्याही हातून सुटू शकतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. न केलेल्या कामाचे पैसे घेतले, ही फसवणूक आहे.

सीबीसीटीचं यंत्र डोक्याभोवती फिरतं. आईच्या तोंडात फक्त छोटा सेन्सर धरला होता, तो साधा एक्स-रे. मायक्रोस्कोप हे स्टँडवर, भिंतीला किंवा छताला बसवलेलं मोठं उपकरण असतं. डॉक्टरांच्या चष्म्याला लावलेली भिंगं म्हणजे मायक्रोस्कोप नव्हे. स्कॅनची फाइल मागितली तर “सिस्टीममधून डिलीट झाली” म्हणाले.

म्हणून स्कॅनचे पैसे देण्याआधीच फाइल आणि रिपोर्ट हातात मागा. उपचार संपल्यावरचे एक्स-रे सरळ आणि तिरक्या कोनातून, दोन्ही घ्या. बिलात प्रत्येक गोष्ट वेगळी लिहून घ्या. आमच्या बिलावर सीबीसीटी आणि मायक्रोस्कोप स्वतंत्र ओळींत आहेत, त्याच आधारावर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे तक्रार दिली आहे. ग्राहक आयोगासाठीची कागदपत्रं तयार करतो आहोत. आईच्या दाढेची कॅप काढून पुन्हा उपचार सुरू आहेत.