बाप जर्मनीचा, कागद जळगावचा

धुळे-जळगाव पट्ट्यात सध्या 'वर्किंग लाइन'च्या, म्हणजे कामासाठी पैदास केलेल्या वंशाच्या नावाखाली जर्मन शेफर्ड आणि मॅलिनॉइस या जातींची पिल्लं जोरात खपताहेत. त्यातलं एक मी ६५ हजारांना घेतलं. राखणीसाठी नव्हे, मळ्याच्या राखणीला गावठी कुत्रं पुरतं आणि खातंही कमी. मला स्पर्धेचा कुत्रा घडवायचा होता, आणि जळगावच्या त्या विक्रेत्याने ते बरोबर हेरलं.

पिल्लाचा बाप म्हणे थेट जर्मनीतून आणलेला. आयजीपी-३, ३०० पैकी २८८ गुण. आयजीपी ही कामाच्या कुत्र्यांची तीन पायऱ्यांची परीक्षा, पूर्वीचं शुट्झहुंड, नंतरचं आयपीओ. २०१९ पासून आयजीपी. माग काढणं, आज्ञापालन, संरक्षण असे तीन भाग, प्रत्येकी १०० गुणांचे, आणि प्रत्येकात निदान ७० पडावे लागतात. एकूण २८६ पासून पुढे उत्कृष्ट श्रेणी. आकडा किती बेताने निवडलाय बघा! २९९ सांगितले असते तर कोणीही हसलं असतं. सोबत गुणपुस्तिकेची झेरॉक्स, हेल्परच्या (हल्लेखोराचं सोंग घेणाऱ्या माणसाच्या) जाड बाहीला लटकलेल्या कुत्र्याचा फोटो आणि पाच पिढ्यांची वंशावळ.

पिल्लू धुळ्याच्या डॉक्टरांकडे लसीला नेलं तेव्हा त्यांनी सहज कातडीखालची ओळख-चिप वाचायचं यंत्र मानेवरून फिरवलं. काहीच वाजलं नाही. नोंदणीच्या कागदावर मात्र पंधरा अंकी चिप नंबर ठसठशीत छापलेला.

मग झेरॉक्स घेऊन बसलो. बापाचा जन्म मार्च २०२१, आयजीपी-३ ऑगस्ट २०२२ मध्ये. म्हणजे कुत्रा सतरा महिन्यांचा. नियम असा की बीएच ही प्राथमिक परीक्षा पंधरा महिन्यांआधी देता येत नाही, आयजीपी-१ अठराव्या, आयजीपी-२ एकोणिसाव्या आणि आयजीपी-३ विसाव्या महिन्याआधी नाही. या पठ्ठ्याने पहिलीत बसायच्या वयाआधीच शेवटची पास केली होती. फोन केला तर उत्तर, "टायपिंग मिस्टेक आहे दादा, बाप ओरिजिनलच."

माझे मामा सारंगखेड्याच्या यात्रेत वर्षानुवर्षं घोडे पारखत आलेत. कुत्र्यातलं त्यांना काही कळत नाही, पण एवढंच म्हणाले, "कागद ऱ्हाऊ दे, माय दखाड." आई विचारली की ती कधी सुरतेला पाहुण्यांकडे, कधी इंदूरला. निम्मं रक्त आईचं असतं, पण या बाजारात आईचं नावच कोणी काढत नाही. तिची परीक्षा झालीय का, खुब्यांचा एक्स-रे झालाय का, हे गुलदस्त्यात. उलट वंशावळीतल्या नामांकित पणजोबावर तासभर भाषण. त्याचा वाटा सरासरी आठवा हिस्सा.

आणि खरे २८८ असले तरी निम्मीच गोष्ट कळते. माग काढण्यात ९९ आणि संरक्षणात ९१ घेणारा कुत्रा वेगळा, तिन्हींत ९६ घेणारा वेगळा. गुण घरच्या मैदानावर ओळखीच्या हेल्परसमोर पडले की परक्या ठिकाणी? एकदाच की पुन्हापुन्हा? फोटोतली पकड काहीच सांगत नाही. संरक्षणाचा अख्खा व्हिडिओ मागा. काठी उगारल्यावर पकड ढिली पडते का, हुकूम मिळताच तो सोडतो का, ते त्यात दिसतं. डॉग शोची चॅम्पियनशिप तर निव्वळ रूप-बांध्याची. तीही इथे 'कामाचा कुत्रा' म्हणून खपवतात, आणि लोक घेतातही.

२०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारल्यावर या गृहस्थाने मला ब्लॉक केलं. पावतीवरही 'विक्री' नाही, 'दत्तक पिल्लाचा देखभाल खर्च' असं लिहिलेलं; तेव्हा पावतीतला शब्द न् शब्द वाचा आणि रोख अजिबात देऊ नका. माझी निम्मी रक्कम यूपीआयने गेली, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात दाखवायला निदान तेवढा पुरावा आहे. तक्रार दाखल आहे.

परवा शिरपूरच्या एका ओळखीच्याने त्याला आलेली कागदपत्रं पाठवली. तोच बाप, तोच फोटो, तेच २८८. जन्मतारीख तेवढी मागे सरकवून २०२० केलीय. म्हणजे महिन्यांचा हिशेब आता तिथे चालायचा नाही. चिप मात्र पैसे देण्याआधी, स्वतःच्या डॉक्टरकडून वाचून घ्या.