वजन कमीजास्त होत असेल तर ड्रायसूट घेण्याआधी हे वाचा, मला गोव्यात असं फसवलं

गोव्यात डायव्हिंग करणाऱ्या आणि कधीतरी थंड पाण्यात उतरायचं मनात असलेल्या सगळ्यांसाठी लिहितेय, त्यातही ज्यांचं वजन माझ्यासारखं वरखाली होतं त्यांनी तर नक्की वाचा, कारण ज्या पद्धतीने मला फसवलं ती पद्धत आपल्यासारख्यांवरच चालते आणि तो माणूस अजून इथेच धंदा करतोय. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

गोव्यात ड्रायसूट, म्हणजे अंगाला पाणीच लागू न देणारा डायव्हिंगचा सूट, कशाला असं कोणी विचारेल. बरोबर आहे, ग्रँड आयलंडला सीझनमध्ये पाणी २७ ते ३० डिग्री असतं, ३ मिमीचा वेटसूट, म्हणजे आत पाणी येणारा नेहमीचा सूट, पुरतो. पण मला स्कॉटलंडला स्कापा फ्लोला जायचं होतं. पहिल्या महायुद्धानंतर २१ जून १९१९ ला जर्मन आरमाराने आपलीच जहाजं तिथे बुडवली, त्यातल्या तीन मोठ्या युद्धनौका आणि चार क्रूझर अजून तळाशी आहेत. तिथे भर उन्हाळ्यातसुद्धा पाणी १२-१३ डिग्रीच्या आसपास, त्यामुळे ड्रायसूट लागतोच. भाड्याचे सूट ठरावीक साइजचे असतात आणि बहुतेक पुरुषांच्या मापाचे, ते मला होत नाहीत.

मला थायरॉइडचा त्रास आहे. वजन कधी ६४ तर कधी ७५. डॉक्टरांनी डायव्हिंगला फिट सांगितलंय, प्रश्न फक्त कपड्यांचा. आणि ड्रायसूट म्हणजे साधा कपडा नाही. वेटसूट थोडा ढगळ झाला तर थंडी वाजते, एवढंच. ड्रायसूटमध्ये हवा असते, खाली जाताना आपण ती आत भरतो आणि वर येताना ती फुगते म्हणून डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून सोडायची असते. सूट फार मोठा असेल तर जास्तीची हवा आत इकडून तिकडे पळते, पायात गेली की पाय वर डोकं खाली, आणि दंडावरचा व्हॉल्व्ह तेव्हा काही कामाचा राहत नाही, माणूस फुग्यासारखा वर फेकला जाऊ शकतो. फार घट्ट असेल तर हात मागे टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही. म्हणजे माप हा जिवाचा विषय आहे.

आता झालं काय ते सांगते. उत्तर गोव्यात डायव्हिंगचं सामान विकणारा एकजण, एका मोठ्या परदेशी ब्रँडचा अधिकृत डीलर म्हणून सांगायचा. मी सुरुवातीलाच वजनाचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, काही टेन्शन घेऊ नका, हे ट्रायलॅम मटेरियल स्ट्रेच होतं, दहा-बारा किलो इकडेतिकडे झालं तरी एकच सूट चालेल, तरी तुमच्या मापाचाच बनवून घेऊ, आणि वर्षभरात वजन बदललं तर एकदा फुकट अल्टर करून देऊ." किंमत १ लाख ४० हजार, अर्धे आधी अर्धे माल आल्यावर. टी-शर्टवरूनच टेप लावून छाती, कंबर, हिप, उंची घेतली आणि ती मापं मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, "ऑर्डर कन्फर्म" असं लिहून. हा मेसेज लक्षात ठेवा.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य खोटं होतं. नेहमीचं ट्रायलॅम म्हणजे बाहेर-आत कापडाचे दोन थर आणि मध्ये रबराचा, ते पाणी येऊ देत नाही पण ताणलंही जात नाही म्हटलं तरी चालेल. काही कंपन्या थोडं ताणलं जाणारं ट्रायलॅम काढतात पण तेही बारा किलो पोटात घेत नाही. ट्रायलॅममध्ये हालचाल करता येते ती शिवणीमुळे, म्हणजे धड लांब ठेवून मधे दुमडतात आणि पायांमधून पट्टा घेऊन ते जागेवर धरतात. ताणलं जातं ते निओप्रीन, म्हणजे वेटसूटचं जाड रबर, पण ते जड, वाळायला वेळ, आणि साधं फोमचं निओप्रीन खोलवर दबून पातळ होतं. "फुकट अल्टर" तर निव्वळ थाप. ड्रायसूटचा पॅनेल बदलायचा म्हणजे शिवण उघडून परत शिवून आतून टेप मारून पुन्हा लीक टेस्ट करायची, हे म्हापशाच्या टेलरचं काम नाही.

आणि मापं. जे खरंच मापाचा सूट बनवतात ते चार आकड्यांवर कधीच बनवत नाहीत. मोठा फॉर्म असतो, मनगट, मान, मांडी, पोटरी, खांद्यापासून मनगट, मानेपासून पायांमधून परत मानेपर्यंत, पायाचा नंबर, आत कुठला अंडरसूट (उबेसाठीचे आतले कपडे) घालणार ते, आणि खाली तुमची सही.

सूट आला तेव्हा गळ्याचं आणि मनगटाचं लेटेक्सचं सील, म्हणजे पाणी अडवणारी रबरी पट्टी, अगदी नवं होतं म्हणून बघणाऱ्याला सूटच नवा वाटेल. मी उरलेले पैसे दिले, बिल मागितलं, त्याने साध्या कागदावर शिक्का मारून दिलं, जीएसटी नंबर नाही. घरी येऊन टॉर्चने आत बघितलं तर शिवणीवरची टेप पिवळी पडलेली आणि काखेत कडा सुटलेल्या. नवीन सील जुन्या सूटवर चिकटवून दिली होती! झिप नीट चालावी म्हणून दातांवर मेण लावतात, त्याचा मागमूस नाही.

आमचा वास्कोचा इन्स्ट्रक्टर, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, त्याने पूलमध्ये उतरायच्या आधी गळा तपासला आणि सूट लगेच काढायला लावला. सील इतकं घट्ट होतं की दोन मिनिटांत मला गरगरायला लागलं. मानेच्या शिरेवर असा दाब आला तर चक्कर येते, पाण्याखाली शुद्ध हरपू शकते. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे पहिल्यांदा सगळ्यांनाच असं होतं, सैल होईल आपोआप. नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. लेटेक्सचं सील मानेच्या मापाला कापून बसवतात, ते विकणाऱ्याचं काम आहे.

मग दादाने सूटची टेस्ट केली. मनगटात बाटल्या घातल्या, गळ्यात बॉल, झिप लावून हवा भरली आणि वरून साबणाचं पाणी फिरवलं. पायांमधल्या शिवणीतून बुडबुडे, काखेतून बुडबुडे. ही टेस्ट कोणालाही घरी करता येते, पैसे द्यायच्या आधी दुकानातच करायला लावा, नाही म्हणाला तर उठून या.

खरा राग पुढच्या गोष्टीचा आहे. मी तक्रार केल्यावर तो माणूस एकच पालुपद लावून बसला, "ताई, तुमचं वजन वाढलं असेल." गळा घट्ट, वजन वाढलं असेल. शिवण लीक होते, तुम्ही जाड झालात म्हणून ताण आला. खांदे दोन इंच मोठे, वजन उतरलं असेल. म्हणजे आधी वजन कितीही बदललं तरी चालेल म्हणून विकायचं आणि नंतर प्रत्येक दोष त्याच वजनावर ढकलायचा. बायकांना तर असं कोणी म्हटलं की अर्ध्या जणी लाजून गप्पच बसतात, आणि याला ते पक्कं माहीत आहे. माझ्यानंतर आणखी एक मुलगी भेटली डिचोलीची, तिच्याशी शब्दाला शब्द हेच बोलला होता.

तो अडकला त्या व्हॉट्सअ‍ॅपमुळे. त्याने स्वतः पाठवलेली मापं तारखेसकट होती, आणि त्यातली उंची, तसंच खांद्याची रुंदी, हाताची लांबी, पावलाचा नंबर हे काही दहा किलोने बदलत नाही. सूटच्या आतला सिरीयल नंबर मी कंपनीला मेल केला. उत्तर आलं, हा पुरुषांच्या तयार साइजचा सूट आहे, बऱ्याच वर्षांपूर्वी विकलेला, आणि गोव्यात आमचा असा कोणी डीलर नाही. हा मेल ऑर्डर देण्यापूर्वीही करता येतो, फुकट आहे, डीलर खरा की खोटा एवढं तरी कळतं.

आता खरंच काय घ्यावं ते, मी नंतर दोन-तीन चांगल्या मेकरशी बोलून जे शिकले ते. माप तुमच्या नेहमीच्या जास्तीत जास्त वजनाला, सगळ्यात जाड अंडरसूट घालून द्यायचं. वजन उतरलं की आत जाड कपडे घालून जागा भरता येते, वाढलं की पातळ घालायचे. पण यालाही मर्यादा आहे, फरक फार मोठा असेल तर दोन वजनांचे आकडे मेकरला स्पष्ट सांगा, प्रामाणिक माणूस सांगेल की एवढं एका सूटमध्ये बसणार नाही. गळ्याला आणि मनगटाला रिंगवाली सिस्टीम घ्या, त्यात सील हाताने बदलता येतं, मान एक साइज बारीक झाली तर फक्त सील बदलायचं. आणि घालून बघताना नुसतं आरशासमोर उभं राहू नका, उकिडवं बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या, छातीवर हातांची घट्ट घडी घाला, मागे हात नेऊन बघा. गोव्याच्या उकाड्यात जीव जातो, एसी लावून करा पण करा.

माझी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तिथे नीट माहिती दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. नोटीस गेल्यावर त्याने वीस हजार परत पाठवले आणि म्हणाला सूट कुरिअर करा, बाकीचे लगेच देतो. मी सूट दिला नाही, तो माझा पुरावा आहे. डिचोलीच्या त्या मुलीने विश्वासाने पाठवला होता, आज तिच्याकडे ना सूट ना पैसे, आणि सिरीयल नंबरचा फोटोही नाही. तुमच्याकडे याच पद्धतीने घेतलेला सूट असेल तर आत्ताच नंबरचे, शिवणीचे, बिलाचे फोटो काढून ठेवा आणि आयोगाने सांगितल्याशिवाय माल हातचा सोडू नका.