हाताने फिरवायचं पास्ता मशीन: नऊ महिने वापरल्यावर

गुढीपाडव्याला लोक सोनं घेतात, गाडी घेतात. मी अडीच किलो वजनाचं, हँडल फिरवून चालणारं पास्ता मशीन घेतलं. इटालियन बनावटीचं, ऑनलाइन मागवलेलं, किंमत एका बऱ्यापैकी मिक्सरएवढी. आता डिसेंबर उजाडलाय. घरात आम्ही चौघं: मी, बायको, आठवीतली मुलगी आणि आई. आई अंडं खात नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं निम्मं लिखाण त्यामुळेच झालंय. एखाददुसरा रविवार सोडला तर दर आठवड्याला मशीन निघतं, म्हणजे पस्तीसेक वेळा तरी फिरलं असेल. त्यातले पहिले सहा-सात रविवार पाण्यात गेले असं समजा.

पहिली अडचण पिठाची नव्हतीच, ओट्याची होती. मशीन जागेवर घट्ट बसावं म्हणून सोबत एक क्लॅम्प येतो, तो टेबलाच्या कडेला खालून आवळायचा असतो. आपल्या ग्रॅनाइटच्या ओट्याला पुढे दुहेरी जाड पट्टी असते आणि खाली लगेच ट्रॉल्या सुरू होतात. क्लॅम्पला तोंड घालायलाच जागा नाही. पहिल्या दिवशी बायकोने दोन्ही हातांनी मशीन दाबून धरलं, मी हँडल फिरवलं आणि मुलगी बाहेर येणारी कणकेची पट्टी झेलत होती. तीन माणसं लावून दोन माणसांपुरता पास्ता झाला. शेवटी मुलीचं जुनं अभ्यासाचं टेबल स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवलं, ते आजही तिथेच आहे. घेणाऱ्यांनी आधी टेप घेऊन घरातली एखादी मोकळी कड शोधावी. जाहिरातीत ही गोष्ट कुणी सांगत नाही.

आता पीठ. या विषयावर मी नाशकातल्या तीन दुकानदारांचं डोकं खाल्लंय.

सुरुवात मैद्याने केली. मशीनमधून मैदा झकास निघतो, गुळगुळीत, रेशमी. पण शिजल्यावर हक्का नूडल्सचा चुलतभाऊ. दाताला काही लागतच नाही. मग आरोग्याच्या नावाखाली चक्कीचा आटा घेतला. मशीनवर जाडी ठरवणारे आकडे असतात, आकडा वाढला की पट्टी पातळ. आट्याची पट्टी चौथ्या आकड्यालाच फाटायला लागली. कोंड्याचे कण कणकेतली ती ताणणारी जाळी तोडत जातात, आणि जात्यात दळताना गव्हातला स्टार्च जास्त फुटतो म्हणून हे पीठ पाणीही भरपूर पितं. पोळी मऊ होते ती त्याचमुळे, आणि पास्त्याचा लगदा होतो तोही त्याचमुळे.

उत्तर किराणा दुकानातच होतं, बन्सी रव्याच्या पोत्यात. बन्सी हा ड्युरम जातीचा गहू. इटलीतला सुका पास्ता याच जातीच्या गव्हाचा असावा लागतो, तिथे १९६७ पासून तसा कायदाच आहे. मात्र घरी पास्ता करणारे तिकडे जाड रवा वापरत नाहीत, ‘सेमोला रिमाचिनाता’ वापरतात. रिमाचिनाता म्हणजे पुन्हा दळलेला. म्हणून दोन किलो बन्सी रवा घेऊन गिरणीत गेलो. गिरणीवाले काका पिशवीत डोकावून म्हणाले, “रव्याचं पीठ करायचं? मग गहूच आणायचे होते की.” त्यांना रव्यात कोंडा नसतो वगैरे समजावत बसलो, त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहायचं तसं पाहिलं. एक खबरदारी घ्या. आधी ज्वारी किंवा बाजरी दळली असेल तर थांबा, गव्हाच्या दळणानंतरच आपला डबा पुढे सरकवा. मी एकदा घाई केली आणि अख्ख्या दोन किलोंत ज्वारी उतरली.

माझं सध्याचं प्रमाण असं आहे: बन्सीचं पुन्हा दळलेलं पीठ २०० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, अंडी ३. उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहराकडचा पारंपरिक हिशेब १०० ग्रॅम पिठाला एक अंडं असाच आहे, पण आपली अंडी लहान असतात, त्यामुळे चमचा-दीड चमचा पाणी वर लागतं. आईसाठी बिनअंड्याचा: ३०० ग्रॅम बन्सीचं पीठ आणि साधारण १४० मिलीलीटर कोमट पाणी, बस. ही तडजोड नाही बरं का. इटलीच्या दक्षिणेत, पुलियासारख्या भागात, घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या असाच पाण्यातला पास्ता होत आलाय. अंड्याची चैन उत्तरेकडची.

कणीक भिजवताना पोळीची सवय विसरावी लागते. पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट हवी. पहिल्या पाच मिनिटांत तर हे काही एकजीव होत नाही अशी खात्रीच पटते. तेल नाही, मीठ नाही. दहा मिनिटं मळून अर्धा तास झाकून ठेवायची, मग गोळा आपोआप नरमतो. मशीनवर शून्याच्या आकड्याला सहा-सात वेळा घडी घालून घालून काढायची, हीच खरी मळणी. इथे आळस केला की पुढे पट्टीच्या कडा दातेरी होतात.

खपली गहूही करून पाहिला. सांगली-साताऱ्याकडचा आपला खपली आणि इटलीच्या तोस्कानातल्या गारफान्यानाचा प्रसिद्ध ‘फार्रो’ ही एकाच जातीची धान्यं, त्यामुळे उत्साह होता. चव खरंच खमंग येते. पण खपलीची कणीक ताण सहन करत नाही. निम्मा खपली, निम्मं बन्सी याच्यापुढे गेलात तर मशीन पट्टीऐवजी चुरा देतं.

मशीनवर शून्य ते नऊ आकडे आहेत. विकत घेताना मला वाटलं होतं की सगळी मजा नवव्या आकड्यात, पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल इतक्या पातळ पट्टीत असणार. नऊ महिन्यांत नववा आकडा दोनदा वापरला, दोन्ही वेळा पास्ता भांड्यातच विरघळल्यासारखा झाला. आमच्याकडे होतं ते पोटभरीचं जेवण, आणि त्याला पाचवा-सहावा आकडा पुरतो.

पोटभरीचं म्हणजे काय, तर आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा झालेला पदार्थ: ‘पास्ता ए चेची’. रात्री काबुली चणे भिजत घालायचे, सकाळी कुकरला लावून निम्मे घोटायचे. ऑलिव्हच्या तेलात ठेचलेला लसूण, रोझमेरीची एक काडी, एक टोमॅटो, त्यात हे चणे आणि भरपूर पाणी. उकळी आली की पट्ट्यांच्या उरलेल्या वेड्यावाकड्या कडा कापून त्यातच सोडायच्या. बोलोन्याच्या बाजूला या तुकड्यांना ‘माल्तालियाती’ म्हणतात, म्हणजे वाईट कापलेले. माझे पहिले कित्येक रविवार आपोआप माल्तालियातीच होत होते, नाव कळल्यावर फार बरं वाटलं. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “अरे, हे तर वरणफळ. नुसतं फोडणीचं विसरलास.” आता तिच्या वाडग्यावर ती जिरं-हिंगाची फोडणी वेगळी करून घेते. मी विरोध केला होता. एकदा चमचाभर चाखला आणि विरोध मागे घेतला.

दुसरा पदार्थ रागू, म्हणजे पास्त्यावर घालायचा खिम्याचा सॉस, हा फक्त आम्हा तिघांसाठी, त्याची कढई वेगळी. बोलोन्याच्या वाणिज्य मंडळात १७ ऑक्टोबर १९८२ ला रागूची पाककृती रीतसर नोंदवून ठेवलेली आहे. तिच्यात गोमांस आहे, कांदा-गाजर-सेलरी आहे, थोडाच टोमॅटो, वाइन आणि चक्क दूध. आम्ही बोकडाचा खिमा घेतो. ही पळवाट वाटत असेल तर इटलीतल्याच अब्रुत्झोकडे बघा, तिथे कोकराच्या मांसाचा रागू ही जुनी रीत आहे. आले-लसूण पेस्ट आणि गरम मसाला यांना घरात त्या दिवशी बंदी असते, आणि ती पाळणं मशीन फिरवण्यापेक्षा अवघड आहे. दुधावरून मात्र गहजब झाला. मटणात दूध म्हणजे विरुद्ध आहार, असं आईने देवघरातून सांगितलं. मी अर्धी वाटी घातलं, अडीच तास मंद आचेवर ठेवलं. खिम्याचा उग्रपणा गेला, आंबटपणा निवला. वाइन नाशकात मागायला कुठे लांब जावं लागत नाही, हा आमच्या गावाचा फायदा. टोमॅटोचंही तसंच. ऑगस्टनंतर पिंपळगाव बसवंतचा माल उतरतो तेव्हा लांबट, घट्ट गराचे टोमॅटो निवडून दहा किलोंचा रस आटवून बाटल्यांत भरला. उन्हाळ्यात मात्र तेच टोमॅटो पाणचट येतात, तेव्हा साखरेची चिमूट लागते.

चीजबद्दल शाकाहारी घरांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. अस्सल पार्मिजानो रेज्यानो वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या पाचकरसाने विरजतात, दुसरा कुठलाही प्रकार त्यात चालत नाही. आईला हे कळलं तेव्हा तिने ताट बाजूला सरकवलं, आणि बरोबरच होतं तिचं. तेव्हापासून पाकिटावर हिरवा ठिपका असलेलं कडक चीज आणतो. चवीत फरक आहे, पण इतका नाही की घरात भांडण व्हावं.

मशीनला दोन कापण्या आहेत. बारीक कापणीने शेवईसारखे तुकडे होतात, ती फारशी वापरत नाही. रुंद कापणी ताल्यातेल्लेसाठी, म्हणजे लांब, चपट्या पट्ट्यांच्या पास्त्यासाठी. यातही एक गंमत आहे. बोलोन्याच्या त्याच मंडळात १६ एप्रिल १९७२ ला ताल्यातेल्लेची रुंदी नोंदवलेली आहे: शिजल्यावर ८ मिलीमीटर, म्हणजे तिथल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. मुलीने भूमितीची पट्टी आणून मोजलं. कच्ची साडेसहा, शिजल्यावर जेमतेम साडेसात. “बाबा, आपण नापास,” असं म्हणून तिने दोनदा वाढून घेतलं. आता मी पट्टीची सैल गुंडाळी करून सुरीनेच कापतो. लझान्याला कापणी लागतच नाही. पालक वाफवून, पिळून पिळून कोरडा करून कणकेत घातला की बोलोन्यासारखी हिरवी पट्टी मिळते. मधे व्हाइट सॉस, खिमा किंवा भोपळा, वर चीज, ओटीजीत चाळीस मिनिटं. थंडीत नाशकात याच्यासारखं दुसरं काही नाही.

आता तक्रारी. हँडल नुसतं भोकात खुपसायचं असतं, फिरवताना ते दर दोन मिनिटांनी बाहेर येऊन फरशीवर पडतं. नऊ महिन्यांत त्या ठणठणाटाची सवय झाली, खालच्या मजल्यावरच्यांनाही झाली असावी. मशीनला पाणी अजिबात चालत नाही हे पुस्तिकेत लिहिलंय, पण एका सोमवारी ते चुकून घासायच्या भांड्यांत गेलं. धुऊन, पुसून, ओट्यावर पालथं घातलेलं मिळालं. तीन दिवसांत कापणीच्या पात्यांवर गंज. उन्हात वाळवलं, जुन्या टूथब्रशने घासलं, वाया घालवायच्या कणकेच्या चार पट्ट्या त्यातून काढल्या, तेव्हा कुठे काळं येणं थांबलं. मग शहाणपणा करून रोलरच्या टोकांना खायचं तेल सोडलं. ते पिठात मिसळून डिंक झालं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, त्याचा एक थेंब पुरतो. आता मशीन कोरड्या ब्रशने झाडून चादरीत गुंडाळून मी स्वतः कपाटात ठेवतो.

पावसाळा हा वेगळाच अध्याय. जुलैत उत्साहाने दोन किलोंचा अंड्याचा पास्ता करून कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टांगला. दुसऱ्या दिवशी आंबूस वास, तिसऱ्या दिवशी हिरवे ठिपके, सगळा टाकला. आपल्या पावसाळी हवेत अंड्याचा पास्ता वाळवायच्या फंदात पडू नका. रवा भुरभुरून ताटात छोटी छोटी घरटी करायची आणि ताट तसंच फ्रीजरमध्ये. कडक झाली की पिशवीत. खायच्या दिवशी न वितळवता थेट उकळत्या पाण्यात.

वेळ वाचतो का? नाही. चौघांसाठी पहिल्यांदा अडीच तास लागले, आता आवराआवर धरून सव्वा तास. दुकानातला चांगला ड्युरमचा सुका पास्ता दहा मिनिटांत होतो आणि लसूण-तेलाच्या साध्या पास्त्यासाठी मी आजही तोच आणतो. लझान्या, रुंद पाप्पार्देल्ले आणि चण्यातले माल्तालियाती यांसाठी हे मशीन. महिन्यातून दोनदा तरी या तिघांपैकी काही करणार नसाल तर घेऊ नका, लाटणं पुरे. बोलोन्यातल्या ‘स्फोलीना’ बायका आजही हातभर लांब लाटण्यानेच पट्टी लाटतात आणि मशीनच्या पट्टीला नावं ठेवतात, कारण लाकडाच्या पाटावर लाटलेली पट्टी खरखरीत राहते, तिला रागू धरून राहतो. त्यांचं खरं आहे. पण त्यांच्यासारखे खांदे माझ्याकडे नाहीत.

आईचं मत पहिल्या दिवशी होतं, “एवढ्याशा कामाला एवढं लोखंड!” ती वऱ्हाडातली. तिच्या माहेरी उन्हाळ्यात सरगुंडे व्हायचे, कणकेची वळी काडीभोवती गुंडाळून, काढून वाळवायची. इटलीच्या दक्षिणेत लोखंडी सळईभोवती वळलेली फुसिली असते, तिचे फोटो दाखवले तर म्हणाली, “काडी बरी, गंजत नाही.” गेल्या महिन्यात मात्र तिने स्वतःहून बारीक कापणी मागितली, शेवया होतात का बघायला. रवा-मैद्याची कणीक तिने भिजवली, मी हँडल फिरवलं, हँडल दोनदा पडलं. शेवया निघाल्या त्या चौकोनी आणि जाड. “ह्या शेवया नव्हेत, सुतळी आहे,” असं म्हणून तिने तरीही तुपात भाजून खीर केली. पातेलं रात्रीच रिकामं झालं. बन्सीचं पीठ उरलंय का, असं काल विचारत होती. मे महिन्याच्या उन्हासाठी.