माझाच पंप, मलाच ‘नवा’ म्हणून

ज्या माणसाने मला फसवलं, त्याने बिघाडाचं निदान अगदी बरोबर केलं होतं. म्हणूनच तर मी फसलो. तो काहीतरी भलतंसलतं बरळला असता तर मला शंका तरी आली असती.

ऐन थंडीत आमचा कॉम्बी बॉयलर, म्हणजे रेडिएटरांतून घर तापवणारा आणि नळालाही गरम पाणी देणारा, रुसला. रेडिएटर गार. नळाला गरम पाणी यायचं, पण दहा-बारा सेकंद, मग पुन्हा बर्फ. बॉयलर पेटायचा, आतून उकळत्या किटलीसारखा आवाज यायचा आणि मिनिटभरात तापमान वाढल्याचा कोड दाखवून बंद पडायचा. मेकॅनिक आला, झाकण काढून त्याने दोन नळ्यांना हात लावला. एक चटका बसेल इतकी तापलेली, दुसरी थंड. पंपावर बोटं ठेवून म्हणाला, “बघा, थरथरतोय पण फिरत नाही. पंप गेला तुमचा.”

यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं होतं. पंप फिरत नव्हता. बर्नरची उष्णता वाहून नेणारं पाणीच जागचं हलत नाही म्हटल्यावर बॉयलर स्वतःला वाचवायला बंद होणारच. नळाच्या गरम पाण्यासाठीही बहुतेक कॉम्बींत हाच पंप फिरावा लागतो. त्यामुळे नळाला पाणी व्यवस्थित गरम येत असेल आणि फक्त रेडिएटर गार असतील, तर पंपाआधी डायव्हर्टर व्हॉल्व्हवर (गरम पाणी रेडिएटरांकडे की नळाच्या बाजूला, हे वळवणारी झडप) संशय घ्यायचा. आमच्याकडे दोन्ही बोंबललं होतं, म्हणजे रोख पंपाकडेच.

दुसरं वाक्य मात्र खोटं होतं. पंप अडकणं वेगळं आणि पंप जाणं वेगळं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने पंपाचं डोकं, म्हणजे मोटर असलेला पुढचा भाग, सोडवलं आणि पिशवीत टाकलं. “तंतोतंत हेच मॉडेल जुळवून आणायला हवं, नेतो सोबत.” मला ते पटलं. उलट नीटनेटका माणूस वाटला! पंपाची पूर्ण किंमत आगाऊ घेतली. दोन दिवस आम्ही घरात टोप्या-मोजे घालून वावरलो. तिसऱ्या दिवशी तो खोकं घेऊन आला. खोक्याला सील नव्हतं. आतला पंप चकचकीत, वर ताजं लेबल. अर्ध्या तासात बसवला, रेडिएटर तापले, आम्ही खूश. जुना पंप कुठे, असं हिने विचारलं तर म्हणाला, “वहिनी, तो जमा करावा लागतो, तेव्हाच नवा देतात.” बिलावर एवढंच : पंप व मजुरी. मॉडेल नाही, क्रमांक नाही.

सात आठवडे गेले आणि पुन्हा तीच थरथर.

फोन केला तर आधी उचलला जाईना. मग उचलला तेव्हा उत्तर मिळालं की पंपाची हमी कंपनी देते, मी नाही. कंपनीला काय सांगू, माझ्याकडे ना क्रमांक ना पंप खरेदीची पावती. तेव्हा चिडून ठरवलं, आता आपणच उघडायचा.

इथे एक गोष्ट आधी सांगतो, कारण चिडलेला माणूस घाई करतो. काही बॉयलरांत बाहेरचं झाकण हाच ज्वलनकक्षाच्या सीलचा भाग असतो. ते काढणं म्हणजे गॅसचं काम, आणि ते परवानाधारक माणसाचंच. माझ्या बॉयलरचा ज्वलनकक्ष आत वेगळा बंदिस्त आहे, हे मी माहितीपुस्तिकेत दोनदा वाचलं आणि मगच हात घातला. गॅसच्या एकाही जोडाला स्पर्श केला नाही.

वीज मुख्य स्विचवरून बंद. बॉयलर पूर्ण गार होऊ दिला. खालचे व्हॉल्व्ह बंद करून ड्रेनमधून पाणी काढलं, गेजचा काटा शून्यावर आला. तरी पंप सोडताना पाणी येतंच. ते खालच्या सर्किट बोर्डावर गेलं तर पंपापेक्षा मोठा भुर्दंड, म्हणून बोर्डावर प्लास्टिक आणि टॉवेल टाकला. मग चार अ‍ॅलन बोल्ट.

पहिल्याच बोल्टला अ‍ॅलन की घसरली. सात आठवड्यांपूर्वी आलेल्या पंपाच्या बोल्टांची तोंडं झिजलेली कशी? डोकं हातात आल्यावर पाहिलं, तर कडेच्या खाचेत रंगाचे ओघळ. कारखान्यात असा रंग कोण देतो? लेबलचा एक कोपरा ओलाव्याने सुटला होता. नखाने उचलला.

खाली दुसरं लेबल होतं.

मागच्या सर्व्हिसिंगच्या वेळी झाकण उघडं असताना मी उगाच दोन-चार फोटो काढून ठेवले होते. ते काढले, मोठे करून पाहिले. खालच्या लेबलवरचा क्रमांक आणि फोटोतला क्रमांक, एकेक आकडा सारखा. त्या पठ्ठ्याने माझाच पंप नेला, अडकलेला रोटर (मोटरचा आत फिरणारा भाग) मोकळा केला, रंग मारला, नवं लेबल डकवलं आणि मलाच नव्याच्या भावाने विकला. राग तर आलाच, पण क्षणभर हसूही आलं, खोटं कशाला सांगू.

रोटरवर काजळीसारखा काळा चिखल होता. हा मॅग्नेटाइट. पोलादी रेडिएटर आतून गंजतात, त्याचा बारीक चुरा पाण्यात फिरत राहतो. नव्या पद्धतीच्या पंपांत रोटरलाच कायमचं चुंबक असतं, त्यामुळे हा चुरा नेमका तिथेच गोळा होतो. गंमत म्हणजे त्याने खरोखर नवा पंप बसवला असता, तरी गाळ न काढता तोही लवकर अडकला असता. अडकलेला रोटर मोकळा करायला वीज बंद करून पुढचा मधला स्क्रू वापरतात. काही पंपांत तो काढून आतला दांडा फिरवायचा, काहींत दाबून फिरवायचा. दहा मिनिटांचं काम! जुन्या धाटणीच्या पंपांत कधीकधी नुसता कपॅसिटर गेलेला असतो, तेव्हाही पंप गुणगुणतो पण सुटत नाही.

माझ्या रोटरचं बेअरिंग तोवर खरंच झिजलं होतं, म्हणून या वेळी सीलबंद खोक्यातला नवा घेतला. क्रमांक पावतीवर लिहून घेतला. लेबलवरच्या तारखेच्या कोडात पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे होते; ते दुकानातच वाचले. आधी रेडिएटर आणि नळ्या पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतल्या. मग पंप बसतो ती जागा पुसून नवी ओ-रिंग (पाणी गळू न देणारी रबरी कडी), बोल्ट तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळले. दाब 1.3 बारपर्यंत भरला (गार असताना 1 ते 1.5 पुरतो, 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो), वरच्या रेडिएटरांतली हवा काढली, दाब उतरला तेवढा पुन्हा भरला. शेवटी गंजरोधक द्रव घातला आणि परतीच्या नळीवर चुंबकीय फिल्टर बसवून घेतला. महिन्याने तो उघडला तर चमचाभर काळा लगदा निघाला.

मेकॅनिकला दोन्ही लेबलांचे फोटो पाठवले. “गोदामात अदलाबदल झाली असेल,” असं उत्तर आलं. कुठल्या गोदामात माझा पंप होता, असं विचारल्यावर नंबर ब्लॉक. तक्रार लेखी दिली आहे, फोटो, बिल आणि आगाऊ रकमेच्या व्यवहाराच्या नोंदीसह. पैसे अजून परत आलेले नाहीत. तो पंप माळ्यावर ठेवलाय, वरचं लेबल अर्धं सुटलेलं आहे तसंच. परवा शेजाऱ्यांचा बॉयलर बंद पडला आणि कुणीतरी त्यांना म्हणालं, “पंप नेतो, जुळवून आणतो.” मी तो खाली काढून त्यांच्या हातात दिला.